ही बाग लटकते कुठं?

हँगिंग गार्डनच्या फाटकातून आत शिरल्याबरोबर तो मुलगा मान मागे टाकून वर बघायला लागला. त्याचं बघून मागची पाच-सहा मुलंही वर बघायला लागली. वर मोकळं आभाळ होतं आणि एक घार गिरक्या घेत होती. बराच वेळ शोधून झाल्यावर त्याने गुरुजींच्या सदऱ्याची बाही ओढली आणि विचारलं, "गुरुजी, लटकते कुठं?"

बसमध्ये तो माझ्याच शेजारी बसला होता. बाग कशी असेल ते त्याने वाटेत मला बैजवार सांगितलं होतं. चार उंच इमारती, त्यांना बांधलेले जाड दोर, मधे लग्नाच्या मांडवासारखी ताणलेली जमीन आणि तिच्यावर झाडं. झाडांची मुळं खालून दिसणार, हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं. समोर निघाली ती कापलेली हिरवळ, हत्ती-उंटांच्या आकारात छाटलेली झुडपं, बाकडी आणि फोटो काढणारी माणसं. त्याच्या गावाकडे हिरव्याची काय कमी? झाडं बघायला तो मुंबईला आलाच नव्हता.

ही मुलं झरीची. पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळचं हे गाव. वारली वस्तीचे पाडे, भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि समुद्राच्या बाजूला गेलं की चिकूच्या वाड्या. इतिहासाच्या पुस्तकात झरीचं नाव एका तारखेसाठी येतं. २३ मे १९४५ रोजी हजारो वारली इथं जमले आणि जमीनदाराची वेठ यापुढे करायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या त्या लढ्याची सुरुवात या गावातली. गोदूताईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत लिहिली.

त्या गावातली चौथीची मुलं पहाटे साडेतीनला बसमध्ये बसली. गुरुजी माझे जुने स्नेही, त्यांनी सोबत म्हणून मला घेतलं होतं. बेत नेहमीचाच होता : राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, चौपाटी आणि रात्री परत. मुलांनी दिवसभर कुरकूर केली नाही, पण संध्याकाळपर्यंत त्यांचे चेहरे उतरत गेले. ते मला फार लागलं. मुंबई वाईट आहे, असं त्यांच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. मुंबई कुठंतरी दुसरीकडे आहे आणि आपल्याला ती दाखवली नाही, अशी काहीतरी त्यांची समजूत झाली होती.

नावाजलेल्या शहरात गेल्यावर मन खट्टू होणं हा अनुभव जगभरातल्या प्रवाशांना येतो. तो का येतो, याचा अभ्यासही झालेला आहे. त्या मुलाच्या प्रश्नाने मला तो वाचायला लावला.

आधी नावापासून सुरुवात करू. 'हँगिंग गार्डन' हे नाव मुंबईने प्राचीन बॅबिलोनकडून उसनं घेतलं. बॅबिलोनची झुलती बाग जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक मानली जाते, पण तिचे निर्विवाद अवशेष बॅबिलोनमध्ये अजून कुणाला सापडलेले नाहीत. ग्रीक लेखकांनी तिच्यासाठी जो शब्द वापरला, त्याचा अर्थ दोरांनी टांगलेली एवढाच होत नाही. उंच गच्च्यांवरून, ओट्यांवरून पुढे झुकलेली झाडी असाही होतो. इंग्रजीत येताना तो 'टांगलेली' एवढाच राहिला. मलबार हिलच्या उतारावरची ही बाग ओट्यांची आहे, त्या अर्थाने नाव चुकीचं नाही. पण चौथीतल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्यापर्यंत फक्त नाव पोचतं आणि नावातून तो बाग बांधतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७६ साली पर्यटकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण इथं उपयोगी पडतं. प्रेक्षणीय स्थळाची आपली पहिली भेट स्थळाशी होत नाही. ती त्याच्या खुणेशी होते : नाव, चित्र, पुस्तकातला परिच्छेद, शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट. प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर आपण ती खूण आणि ती जागा जुळवून पाहतो. लग्न ठरवताना फोटो आधी येतो आणि माणूस नंतर, तसंच हे. जुळलं तर समाधान आणि नाही जुळलं तर आपण जागेला दोष देतो. खुणेला कुणी दोष देत नाही.

गेटवेला सकाळी हेच झालं होतं. पाठ्यपुस्तकात आणि मोबाईलवर मुलांनी जो गेटवे पाहिला होता, तो आभाळाला टेकलेला होता. समोर आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "एवढाच?" गेटवे २६ मीटर उंच आहे. म्हणजे साधारण आठमजली इमारतीएवढा. तो लहान नाही, पण लहान दिसतो आणि त्याला कारणं आहेत. डोळा कुठल्याही वस्तूचा आकार एकट्याने मोजत नाही, शेजारच्या वस्तूच्या मापाने मोजतो. गेटवेच्या शेजारी १९०३ सालचं ताजमहाल हॉटेल आहे आणि त्याला लागून १९७३ मध्ये उभा राहिलेला त्याचा उंच मनोरा. त्या मनोऱ्याने गेटवेची उंची खाऊन टाकली. फोटो काढणारा मात्र खाली बसतो, रुंद भिंगाचा कॅमेरा वर रोखतो, मनोरा चौकटीबाहेर ठेवतो आणि पहाटे सहाला माणसं नसताना बटण दाबतो. चौकटीत माणूस नसला की मापच हरवतं. मग कमान हवी तेवढी मोठी होते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेटवे समुद्राकडे तोंड करून उभा आहे. तो बांधला गेला बोटीने येणाऱ्यांसाठी. पाण्यावरून हळूहळू जवळ येणाऱ्याला तो दिसावा, मोठा होत जावा आणि मग त्याच्या कमानीतून शहरात पाऊल पडावं, अशी ती कल्पना. आपण जातो जमिनीकडून, पाठीमागून, तपासणीच्या रांगेतून. घराच्या परसदारी उभं राहून दर्शनी ओसरीची शोभा शोधावी, तशी आपली गत होते.

या कमानीची जन्मकथाही गुरुजींनी मुलांना सांगितली, आणि दिवसभरात मुलं पहिल्यांदा तेव्हा कान देऊन ऐकायला लागली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून गेटवे बांधायचं ठरलं. ३१ मार्च १९११ ला पायाभरणी झाली. डिसेंबरात राजाराणी उतरले तेव्हा तिथं कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये आणि कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. ज्यांच्यासाठी ती बांधली, त्यांनी पुठ्ठा पाहिला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी त्याच कमानीखालून बोटीत बसून निघून गेली. "एवढाच?" म्हणणारी मुलगी परत मागे वळली आणि कमानीखालच्या फरशीकडे बघत राहिली. कमान तीच होती, उंची तीच होती.

मरीन ड्राइव्हचंही असंच. 'राणीचा रत्नहार' दिसतो तो रात्री, उंचावरून, मलबार हिलच्या बाजूने. दुपारी दोन वाजता त्या हारात उभं राहिलेल्या माणसाला दिसतो तो डांबरी रस्ता, कठडा आणि सिमेंटचे चौपायी ठोकळे. हारातल्या मण्याला हार कसा दिसणार?

हे मुंबईपुरतं नाही. पॅरिसमध्ये काम करणारे जपानी मानसोपचारतज्ज्ञ हिरोआकी ओता यांच्याकडे १९८० च्या दशकात काही जपानी प्रवासी येऊ लागले. त्यांना धडधड होई, भास होत, लोक आपल्याला हसतात असं वाटे, काहींना हॉटेलच्या खोलीबाहेर पडवत नसे. ओतांनी या त्रासाला 'पॅरिस सिंड्रोम' म्हटलं. १९८८ ते २००४ या काळात तिथल्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या ६३ जपानी रुग्णांची माहिती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. लाखो प्रवाशांतले हे ६३. त्यांतल्या अनेकांना मनाचा आजार आधीपासूनच होता, आणि आजारांच्या अधिकृत यादीत हे नाव नाही. त्यामुळे पॅरिस पाहून माणसं वेडी होतात, अशा ज्या बातम्या अधूनमधून येतात त्या सोडून द्याव्यात. खरी गोष्ट तिच्या आतली आहे. जपानी मासिकांनी आणि सिनेमांनी रंगवलेल्या पॅरिसमध्ये फक्त उंची कपड्यातली हसरी माणसं, फुलांच्या खिडक्या आणि हळुवार संगीत होतं. भाषा न येणाऱ्या, दमलेल्या, एकट्या माणसाला भेटलं ते भुयारी रेल्वेची गर्दी असलेलं, घाईतलं, पाकीटमार असलेलं एक चालतंबोलतं शहर. लूव्रमधली मोनालिसा तर ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. आपल्याकडच्या साध्या खिडकीच्या एका झडपेएवढी. तीही काचेमागे, समोर शेकडो उंचावलेले मोबाईल. "एवढीच?" हा प्रश्न तिथं रोज सगळ्या भाषांत विचारला जात असणार.

अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या अंतरावर समाधान ठरतं, हे आपल्याला आजीने सांगितलेलंच असतं. पण अभ्यासातून एक वेगळी गोष्ट पुढे आली, ती मला मोलाची वाटते. टेरेन्स मिचेल, ली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. युरोपची सहल, सणाची सुट्टी आणि कॅलिफोर्नियातला तीन आठवड्यांचा सायकलप्रवास, अशा तीन प्रसंगी त्यांनी माणसांना आधी, दरम्यान आणि नंतर विचारलं. आढळलं असं की जाण्याआधी माणूस सहलीची जेवढी गोडी धरतो, तेवढी ती चालू असताना त्याला वाटत नाही. पाऊस, पायाचे फोड, रुसवेफुगवे हे सगळं तेव्हा समोर असतं. पण परत आल्यावर थोड्याच दिवसांत ती गोडी पुन्हा वर चढते. म्हणजे खट्टू होणं हा सहलीच्या मधल्या भागाचा स्वभावच आहे. संध्याकाळी सहा वाजता चौपाटीवर वाळूत बसलेल्या मुलांचे उतरलेले चेहरे पाहून मी घाबरलो होतो. हे तेव्हा माहीत असतं, तर थोडा धीर धरला असता.

शिवाय पायांचा हिशेब असतो. बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लिहिलं होतं. वाकून, मान वळवून, उभं राहून पाहत गेलं की माणसाची नजर काही वेळाने वस्तूंवरून नुसती घसरत जाते. आमची मुलं साडेतीनला बसमध्ये बसलेली म्हणजे आदल्या रात्री झोपलेलीच नव्हती. महामार्गावर तीन जणांना उलट्या झाल्या. राणीच्या बागेत वाघ झोपलेला. उन्हात चालून चालून पाय भरून आलेले. दिवसभराच्या अठरा-एकोणीस तासांतला निम्म्याहून जास्त वेळ बसमध्ये गेला, तोही बराचसा मुंबईच्या वेशीवरच्या कोंडीत. त्या दिवशी मुलांनी मुंबई जितकी पाहिली, त्याहून जास्त ट्रकांची मागची बाजू पाहिली. अशा शरीराला ताजमहाल दाखवला तरी तो दमलेलाच दिसेल. सहलीचा कागद तयार करताना आपण ठिकाणं मोजतो, मुलांची झोप मोजत नाही. हे बदलायला हवं, आणि यासाठी पैसे लागत नाहीत.

मुलांना सगळ्यात जास्त लागलं ते मात्र वेगळंच. परतीच्या वाटेवर एक मुलगी गुरुजींना म्हणाली, "तिथं कोणीच काही विचारलं नाही." आधी मला कळलं नाही. मग झरीची वाट डोळ्यांसमोर आली. पाड्यावर अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, कुठून आला? दुसरा, कोणाकडे चालला? आणि तिसऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या समोर येतो. ही चौकशी म्हणजे तिथली दखल आहे. चाळीस मुलं एका रंगाच्या गणवेशात, रांगेत, मुंबईच्या गर्दीतून दिवसभर फिरली आणि कुणीही त्यांना विचारलं नाही की बाळांनो, कुठली तुम्ही?

याचंही एक उत्तर आहे. स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९७० मध्ये शहरातल्या जगण्याच्या अनुभवावर निबंध लिहिला. त्यात एक आकडा आहे : न्यूयॉर्कच्या मध्यभागी कचेरीपासून दहा मिनिटांच्या अंतरात माणसाला २,२०,००० माणसं भेटू शकतात. प्रत्येकाची दखल घ्यायची म्हटली तर दिवस पुरणार नाही आणि डोकंही. म्हणून शहरातला माणूस दखल राखून ठेवायला शिकतो. नजर खाली घालतो, उत्तर आखूड करतो, ओळखीच्यांसाठी थोडं शिल्लक ठेवतो. तो तुटक होतो तो मनाने वाईट असतो म्हणून नाही, गर्दीत टिकायचं असतं म्हणून. दादरच्या पुलावर सकाळी साडेनऊला प्रत्येकाला "कुठून आला?" विचारून बघा. पण ही समजूत मोठ्यांसाठी ठीक आहे. दहा वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं की एवढ्या मोठ्या गावाला आपण दिसलोच नाही. मला वाटतं, प्रवाशाची सगळ्यात खोल निराशा हीच असते. आपण शहर डोळे भरून पाहायला आलेलो असतो आणि शहर आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि इथंच मला त्या दिवसाची खरी चूक दिसते. मुंबई आणि या मुलांचा गाव एकमेकांना अनोळखी आहेत, असं धरून आम्ही त्यांना फिरवलं. ते तसं नाही.

"लटकते कुठं?" या प्रश्नाचं पुरतं उत्तर बागेच्या वर नाही, खाली आहे. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला मलबार हिलचा जलाशय तो हाच. बाग म्हणजे त्या टाकीचं झाकण. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला इथून पाणी जातं. टेकडीवर टाकी बांधण्याचं कारण साधं आहे : पाणी उंचावर साठवलं की वेळ झाल्यावर ते आपल्या वजनानेच उतारावरच्या नळांत उतरतं. २०२३ च्या सुमारास या जुन्या टाकीच्या पुनर्बांधणीसाठी बाग काही वर्षं बंद ठेवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबईत त्यावर बरीच चर्चा झाली होती.

मुंबईचं पाणी येतं कुठून? सात तलावांतून, आणि त्यांतले विहार आणि तुळशी हे दोन लहान सोडले तर बाकीचे पाच मुंबईबाहेर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या आदिवासी मुलखात आणि घाटमाथ्यावर. तानसा १८९२ पासून. वैतरणेवरचं मोडक सागर १९५७ पासून. आणि मध्य वैतरणा धरण २०१४ पासून, ते तर मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला, म्हणजे आपल्याच पालघर जिल्ह्यात. शंभर मीटरहून उंच असलेल्या त्या एका धरणाने मुंबईच्या रोजच्या पाण्यात साडेपंचेचाळीस कोटी लिटरची भर घातली. घाटाच्या पायथ्याची जमीन मुंबईपेक्षा उंच, म्हणून हे पाणी पुष्कळ अंतर उतारानेच वाहत येतं, शुद्ध होतं आणि मग शहरातल्या टेकड्यांवरच्या टाक्यांत जातं. ज्या मोखाड्यातून ते निघतं, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

त्या मुलाला लटकती बाग दाखवता आली नाही, पण त्याच्या पायाखाली त्याच्या जिल्ह्यातून आलेल्या पाण्यावर उभी असलेली बाग होती. तिथं उभं राहून हे सांगितलं असतं, तर? आमच्या सहलीत ते तिथं कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला ते पुरतं ठाऊक नव्हतं.

असे धागे आणखी आहेत. एकेकाळी या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जायचं. वारली ते कापायचे, जमीनदार-व्यापारी ते विकायचे. झरीच्या शपथेनंतर काही महिन्यांतच, १९४५ च्या गवतकापणीच्या हंगामात, संप झाला तो या मजुरीसाठी. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. मुंबईच्या घोड्यांनी आणि म्हशींनी खाल्लेल्या गवताला ही किंमत होती. घोडागाडी आता गेटवेसमोर नाही, पण त्या रस्त्यांना झरीचे हात लागलेले आहेत, हे खोटं नाही. आजही दादरच्या बाजारात घोलवडचा चिकू म्हणून टोपल्या मांडलेल्या असतात. २०१३ पासून डहाणू रोडवरून लोकल सुटते, तिच्यात पहाटे भाजी, मासे आणि कामावर जाणारी माणसं असतात. ती माणसं मुंबई बघायला जात नाहीत. म्हणून तिने त्यांना कधी फसवलेलं नाही.

आणि जहांगीर. गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या त्या कलादालनाच्या इमारतीत तेव्हा केमोल्ड गॅलरी होती. १९७५ साली तिथं जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं लागली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे म्हशे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचं काम आपल्याकडे सवाशिणींचं. ते म्हशे यांनी आपल्या हातात घेतलं आणि त्यात मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, रेल्वे असं सगळं आणलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने जगभरातल्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात म्हशे यांची चित्रं होती. ज्या पॅरिसने काही प्रवाशांची घोर निराशा केली, त्याच पॅरिसच्या भिंतीवर झरीच्या शेजारच्या तालुक्यातलं तांदळाचं पीठ लागलं. २०११ ला म्हशे यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. आमची बस जहांगीरवरून गेली, थांबली नाही. मुलांच्या घरातल्या भिंतीवर जे आहे, ते तिथं पोचलं होतं, हे त्यांना कळायला हवं होतं.

मुंबईवर लावण्या दोन तऱ्हेच्या झाल्या. पठ्ठे बापूरावांनी बाहेरून आलेल्याच्या थक्क नजरेने मुंबईचा थाट गायला. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून आले ते राबायला, आणि त्यांच्या लावणीत मलबार हिलच्या शेजारी परळ आलं, बंगल्याच्या शेजारी घाम आला. सहलीच्या बसेस अजून पहिल्या लावणीच्या वाटेने फिरतात. दुसऱ्या लावणीची मुंबई प्रवाशाला निराश करत नाही. ती अस्वस्थ करते, पण त्या अस्वस्थपणात माणूस कंटाळत नाही, प्रश्न विचारतो.

परतताना रात्री नऊच्या पुढे बस महामार्गावर वैतरणेच्या पुलावर आली. बहुतेक मुलं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. माझ्या शेजारचा जागा होता. पाण्याची टाकी बागेखाली आहे एवढं मला बागेतल्या एका माळीदादांनी सांगितलं होतं, तेवढं मी त्याला सांगितलं. हीच नदी वर अडवली आहे आणि तिचं पाणी मुंबईला जातं, हेही. तो खिडकीला नाक लावून अंधारात बघत राहिला. पाणी काही दिसत नव्हतं. मग म्हणाला, "म्हणजे बाग पाण्यावर आहे. बोटीसारखी."

या वर्षी सहलीचा बेत ठरवताना गुरुजींनी मोठा बदल केला. पहाटेची बस रद्द झाली, डहाणू रोडवरून लोकलने जायचं ठरलं. ठिकाणं दोनच ठेवली आणि ती कोणती, हे मुलांनी सांगायचं. आता पाचवीत गेलेली मुलंही येणार म्हणाली. फळ्यावर नावं लिहिली गेली : विमानतळ, समुद्र, सिनेमातल्या नटाचं घर. मागच्या बाकावरून 'हँगिंग गार्डन' आलं. गुरुजी चकित झाले, "अरे, तिथं तर तुम्ही गेल्या वर्षी गेला होतात." उत्तर आलं, "खालचं पाणी बघायचं राहिलं."

टाकी आतून बघायला मिळत नाही, हे गुरुजींनी त्यांना समजावून सांगितलं. मग मतं घेतली. हँगिंग गार्डनला एकवीस हात वर झाले.